मुखपृष्ठ हरवलेली चित्रकथा

रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरच्या रस्त्यावर भनपुरी नावाची वसाहत आहे. पूर्वी ते एक लहानसे खेडे होते. आज तेथे कारखाने, मालमोटारींचे तळ आणि लाकडाच्या वखारी यांची इतकी दाटी झाली आहे, की मूळचे खेडे शोधूनच काढावे लागते. आमचे लहानपण या भनपुरीत गेले. गेल्या उन्हाळ्यात तेथले आमचे जुने घर विकावयाचे ठरले, तेव्हा माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या पेट्या खाली उतरविण्यात आल्या. वडिलांच्या पावत्या, आईच्या विणकामाचे नमुने, आमची प्रगतिपुस्तके असा सारा ऐवज रद्दीवाल्याच्या तराजूत चढत होता. तेवढ्यात त्यानेच एक पातळ पुस्तक बाजूला काढून विचारले, "साहब, यह भी दे दूँ?" ते एक हिंदी कॉमिक होते. त्याचे मुखपृष्ठ गेले होते, शेवटची पानेही गेली होती. प्रकाशकाचे नाव नव्हते, किंमत नव्हती. पहिल्याच शिल्लक पानावर लांडग्यांच्या कळपात उभा असलेला एक उघडा मुलगा होता. मी ते परत घेतले. रद्दीवाल्याने वजनात ते धरले नाही, हे त्याचे सौजन्य.

श्रोतेहो, तो मुलगा मोगली होता, हे सांगावयास नकोच. 1993 साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' ही मालिका हिंदीतून लागू लागली, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आमच्या ओळीतल्या पाच घरांत मिळून एक रंगीत संच होता. त्या घरच्या ओसरीवर आम्ही पंधरावीस मुले चपला काढून बसत असू. गुलजारांचे शीर्षकगीत आणि विशाल भारद्वाजांची चाल त्या पिढीतल्या कोणालाही आजही म्हणता येईल. आमच्या घराला आणखी एक अभिमान होता. शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा होता. हिंदी मुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला असले धागे फार मोलाचे वाटतात. शेरखान दुष्ट होता खरा, पण तो आपला होता.

रायपूरला दूरचित्रवाणीची ओळख मात्र त्याच्याही पूर्वीची. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो प्रयोग देशात झाला, त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांमध्ये रायपूरच्या परिसरातील खेडीही होती. अमेरिकेचा उपग्रह वर्षापुरता उसना घेतलेला होता. मुंबई-पुण्याबाहेरच्या कित्येक मोठ्या शहरांनी दूरचित्रवाणी पाहिली नव्हती, तेव्हा छत्तीसगढच्या शेतकऱ्याने शाळेच्या पटांगणात बसून ती पाहिली होती. हा इतिहास आज फारसा कोणी सांगत नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

त्या रात्री मी ते कॉमिक वाचावयास घेतले. प्रौढपणी लहानपणची आवडती वस्तू हाती आली, की बहुधा निराशा होते. वाडा लहान वाटतो, आंबा आंबट लागतो. येथे तसे झाले नाही, पण दुसरेच काहीतरी झाले. पडद्यावर जे वेगाने निघून जात असे, ते कागदावर चौकटीत थांबून राहिले होते, आणि थांबलेल्या चित्राकडे पाहता पाहता मनात शंका येऊ लागल्या. मोगलीच्या हातात बूमरँग होते. हे तर ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे हत्यार! त्याच्या खांद्यावर किची नावाचे तांबूस, झुबकेदार शेपटीचे एक जनावर होते. तो लाल पांडा. पूर्व हिमालयाच्या थंड उतारांखेरीज तो भारतात आढळत नाही. भालू तपकिरी होता, आणि आमच्या सातपुड्यातले अस्वल तर काळेकुट्ट आणि विस्कटलेल्या केसांचे असते. मुले हे विचारीत नाहीत. पण सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला कागद हाती आला, की तो कोठून आला, कोणाकोणाच्या टेबलावरून फिरला, हे पाहण्याची खोड लागलेली असते. मी या मोगलीची नस्ती मागे मागे चाळत गेलो.

बूमरँग आणि पांडा जपानहून आले होते. आम्ही पाहिलेली मालिका निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेने केलेली. 52 भागांची ही मालिका ऑक्टोबर 1989 ते ऑक्टोबर 1990 या काळात टोकियोत दाखविली गेली आणि मग हिंदी आवाज लेवून आपल्याकडे आली. जपानच्या आधी अमेरिका होती. वॉल्ट डिस्ने यांचा 'जंगल बुक' हा बोलपट ऑक्टोबर 1967 मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा स्वतः डिस्ने हयात नव्हते. डिसेंबर 1966 मध्येच ते निवर्तले होते. बोलपटावरून लगेच 1968 साली चित्रकथा निघाली. त्याहीपूर्वी, 1951 साली, न्यूयॉर्कच्या 'क्लासिक्स इलस्ट्रेटेड' या प्रसिद्ध मालेत 83 व्या क्रमांकावर 'जंगल बुक' चित्ररूपाने आलेले होते. म्हणजे मोगलीच्या चित्रकथा बोलपटाहून जुन्या आहेत. आमचे बिनकव्हरी कॉमिक या घराण्यातले नव्हते. पांडा असल्यामुळे ते जपानी मालिकेवरून, बहुधा कोणाची परवानगी न घेता, चितारलेले असावे. चोरीचा माल होता, असे म्हटले तरी चालेल.

आणि या सर्वांच्या तळाशी दोन पुस्तके: रुडयार्ड किपलिंग यांचे 'द जंगल बुक', 1894, आणि त्याचा दुसरा भाग, 1895. ही पुस्तके लिहिली गेली अमेरिकेतल्या व्हरमाँट प्रांतात, बर्फाच्या दिवसांत. पण किपलिंग जन्मले मुंबईत, 30 डिसेंबर 1865 रोजी. त्यांचे वडील जॉन लॉकवूड किपलिंग त्याच वर्षी सर जे. जे. कलाशाळेत शिल्पकला शिकवावयास आले होते. मुंबईची पूर्वीची क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, जिने पाहिली आहे त्याने तिच्या दरवाजावरची शेतकऱ्यांची उठावचित्रेही पाहिली असतील. ती लॉकवूड यांच्या हातची. पुढे 1875 मध्ये ते लाहोरच्या कलाशाळेत गेले. मुलाच्या पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्यांत हे वडीलही होते, आणि 'बीस्ट अँड मॅन इन इंडिया' हे भारतीय पशुपक्ष्यांवरचे त्यांचे स्वतंत्र पुस्तक 1891 सालचे आहे. तेव्हा मोगली हा जन्मापासून चित्रांतच वाढलेला मुलगा आहे, आणि त्याचे एक चित्रकार जे. जे.तून गेलेले आहेत. चित्रकथेने त्याला बिघडविले, असा आक्षेप मला तरी घेववत नाही.

बाळ रुडयार्ड पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत मुंबईत राहिला. तो आयेशी आणि नोकराशी देशी भाषेतच बोले. आईवडिलांपुढे जाताना इंग्रजीत बोलण्याची आठवण त्याला करून द्यावी लागे, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. दारात पाऊल टाकता टाकता भाषा बदलणे भनपुरीतल्या आम्हा मराठी मुलांच्या नित्य परिचयाचे होते. ओसरीवर हिंदी, गल्लीत छत्तीसगढी, माजघरात मराठी. आजीला हिंदीत उत्तर दिले, की ती ऐकलेच नाही असे दाखवी.

मोगलीचा मुलूख कोणता? पुस्तकात तो स्वच्छ सांगितलेला आहे: सिवनीच्या टेकड्या आणि वैनगंगा नदी. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटावरून महाराष्ट्रात उतरते, भंडारा-गडचिरोलीच्या धानपट्ट्यातून वाहत जाऊन वर्धेला मिळते, आणि तेथून पुढे तिला प्राणहिता म्हणतात. हा सारा प्रदेश एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता. सिवनीकडचा भाग 1818 च्या सुमारास इंग्रजांकडे गेला, नागपूर आणि छत्तीसगढ 1854 मध्ये. पुढे 1861 साली या दोन्ही तुकड्यांचा मिळून मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. रायपूर आणि सिवनी हे दोन्ही जिल्हे 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूरच्याच कारभारात होते. मोगली हा आमच्याच प्रांताचा रहिवासी म्हणावयास हरकत नाही.

गंमत अशी, की किपलिंग सिवनीला कधी गेलेच नाहीत. सिवनीचे अरण्य त्यांनी घेतले ते बहुतांशी रॉबर्ट स्टर्नडेल यांच्या 1877 सालच्या पुस्तकातून, असे अभ्यासक मानतात. स्टर्नडेल मध्य प्रांताच्या नोकरीत होते आणि सातपुड्यातल्या शिकारीचे व मुक्कामांचे वर्णन त्यांनी सिवनीच्याच नावाने प्रसिद्ध केले होते. लांडग्यांनी वाढविलेल्या मुलांच्या हकीकती त्याहूनही जुन्या आहेत. ठगांच्या बंदोबस्ताने नाव मिळविलेले स्लीमन यांनी अयोध्या प्रांतातल्या अशा मुलांची टिपणे केली होती. 1852 साली ती एका लहानशा पुस्तिकेच्या रूपाने छापली गेली, तेव्हा लेखकाच्या जागी नाव नव्हते, 'हिंदुस्थानातील एक अधिकारी' इतकेच होते. या टिपणांतील मुले मोगलीसारखी मुळीच नव्हती. ती बोलत नसत, कच्चे मांस खात, आणि माणसांत आणल्यावर बहुधा फार दिवस जगत नसत. टाकून दिलेली व्याधिग्रस्त मुले असावीत, असे आजचे जाणकार म्हणतात. कादंबरीकाराने त्या मुक्या मुलाला सगळ्या अरण्याची भाषा दिली. त्याला दिलेले नावही असेच कल्पनेतले. मोगली म्हणजे बेडूक असे पुस्तकात म्हटले आहे, पण भारतातल्या कोणत्याही भाषेत बेडकाला मोगली म्हणत नाहीत. ते नाव आपणच बनविले, अशी किपलिंग यांची कबुली आहे. त्यांचा उच्चार तर 'माउग्ली'च्या जवळचा होता. तो आमच्यापैकी कोणालाही मान्य होणार नाही.

म्हणजे एका सरकारी नोकराचे टिपण, दुसऱ्या सरकारी नोकराचे शिकारपुस्तक, व्हरमाँटमधले लेखन, हॉलिवूड, टोकियो, मुंबईतले ध्वनिमुद्रण, आणि सरतेशेवटी भनपुरीतले चोरटे कॉमिक. आमच्या शेजारचे रान शंभर वर्षे जग फिरून आमच्याकडे आले होते, आणि येताना वाटेत पांडा घेऊन आले होते.

खरे रानही तेव्हा भनपुरीत येतच होते, पण दुसऱ्या रूपाने. आमच्या घरामागे लाकडाची वखार आणि आरा मिल होती. सालाचे ओंडके मालमोटारीतून उतरत, त्यांच्या कापलेल्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा आणि क्रमांक असे. रविवारी सकाळी आम्ही मोगली पाहत असू तेव्हाही करवत चालू असे, आणि शेरखान बोलू लागला की कोणीतरी उठून खिडकी लावून घेई. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात सालाच्या जंगलात खोडकिड्याची मोठी साथ आली. या किड्याला साल वृक्षाच्या ताज्या रसाचा वास ओढून घेतो. म्हणून काही झाडे मुद्दाम पाडून, त्यांची साल ठेचून ठेवीत, आणि रस प्यावयास जमलेले भुंगे मजूर वेचून काढीत. त्यांना मजुरी भुंग्यांच्या संख्येवर मिळे. किडीने पोखरलेली झाडे लाखांनी तोडावी लागली. आम्हा मुलांना एवढेच कळत होते, की वखारीतले ढीग उंच झाले आहेत आणि लपंडाव खेळावयास जागा वाढली आहे. त्या ओंडक्यांचा आणि पडद्यावरच्या जंगलाचा काही संबंध असेल, असे आमच्या कोणाच्याही मनात आले नाही. मला हे आज टोचते, पण अकरा वर्षांच्या मुलाला दोष तरी काय द्यावा?

आता कॉमिकने काय गाळले, ते सांगितले पाहिजे. मुळात शेरखान मरतो, आणि मोगली त्याचे कातडे सोलीत असता गावातला बलदेव शिकारी धावत येतो. त्याला वाघाचे काही सोयरसुतक नाही. सरकारने वाघावर शंभर रुपयांचे बक्षीस लावलेले आहे, ते त्याला हवे आहे. मुलाला त्यातला एक रुपया देण्याचे औदार्य तो दाखवितो. हा प्रसंग वाचताना मला कित्येक ओळखीचे चेहरे दिसले. कॉमिकात बलदेव नुसता मिशाळ आणि भित्रा आहे. मुलांसाठी हिशेब गाळला गेला.

पण सर्वांत मोठी गळती दुसऱ्या भागातल्या एका कथेची. तिच्यात गाव मोगलीला पोटाशी धरणाऱ्या मेसुआला आणि तिच्या नवऱ्याला चेटकाच्या आरोपाखाली बांधून ठेवते. मोगली त्यांना सोडवितो. ती दोघे रात्रीतून कान्हीवाड्याची वाट धरतात. कान्हीवाडा हे सिवनी जिल्ह्यातले खरे गाव आहे. आणि मग मोगली हत्तीला बोलावतो. प्रथम हरणे, रानडुकरे आणि नीलगाई उभे पीक फस्त करतात, मग पावसाळ्यात हत्ती येऊन घरांची छपरे ओढून काढतात. माणसे निघून जातात, गाव रानाखाली बुडते. त्याआधी गावकरी एका गोंड मुखियाला विचारावयास जातात, की रानदेवता कोपल्या आहेत काय? तो काहीच बोलत नाही. रानकारल्याचा एक वेल तोडतो आणि देवळाच्या दारावर आडवा लावून ठेवतो. उत्तर पुरेसे असते.

आमच्या पडद्यावर हा सूड असा कधी आला नाही, आणि मुलांच्या खाऊत तो कोणी घालणारही नाही. पण मला तो वाचताना कल्पित वाटला नाही. छत्तीसगढमधून रानहत्ती विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ नाहीसे झाले होते. त्या शतकाच्या अखेरीस ते पूर्वेकडच्या, आजच्या झारखंड आणि ओडिशाच्या रानांतून पुन्हा येऊ लागले. आज सरगुजा, जशपूर, कोरबा, रायगड या जिल्ह्यांत त्यांचे कळप आहेत. त्यांच्या वाटेवर शेती, खाणी आणि रस्ते आहेत. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी अशाच एका जिल्ह्यात होतो. पहाटे निरोप आला आणि मी पंचनाम्यासाठी एका खेड्यात गेलो. मातीच्या घराची मागची भिंत कोसळलेली, कणगी फुटून धान चिखलात सांडलेले, मोहाच्या फुलांची टोपली चेपलेली. घराच्या मालकिणीने माझ्याकडे पाहून एकच प्रश्न विचारला, की कागदावर भिंत लिहिली की धानही लिहिले? मी दोन्ही लिहिले. मंजुरी येईपर्यंत पुढचा पावसाळा आला होता, आणि त्या दिरंगाईत माझाही वाटा होता. एक जोडपत्र लावावयाचे राहिले होते. त्या अंगणात उभे राहिलो असता मला लहानपणीचा, सोंड उंच करून चालणारा, शिस्तीचा हत्ती आठवला होता, आणि त्या आठवणीची लाज वाटली होती. त्या वेळी मला मूळ कथा ठाऊक असती, तर लाज कदाचित थोडी कमी वाटली असती.

हा प्रवास छत्तीसगढपाशीच थांबलेला नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये एक कळप छत्तीसगढमधून महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यात उतरला. म्हणजे हत्ती खरोखरच वैनगंगेच्या खोऱ्यात आले आहेत. किपलिंग यांनी ते तेथे कागदावर आणले होते, तेव्हाही ते दूरच्या भरतपूरची शेते मोडल्याची गोष्ट सांगत आलेले होते.

मोगलीचे पुढे काय झाले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. गंमत म्हणजे किपलिंग यांनी मोगलीची पहिली गोष्ट लिहिली, ती प्रौढ मोगलीचीच. 'इन द रुख' ही कथा 1893 साली, म्हणजे जंगल बुकाच्याही आधी, पुस्तकात आली. तीत मोगली एका तरुण वनाधिकाऱ्याला भेटतो. वनखात्याचा म्युलर नावाचा जर्मन वरिष्ठ त्याला पाहताच ओळखतो, की असा माणूस खात्याला पुन्हा मिळावयाचा नाही, आणि त्याला वनरक्षकाची नोकरी देऊ करतो. महिन्याचा पगार आणि शेवटी निवृत्तिवेतन. हा म्युलर, त्या काळचे वनखात्याचे खरेखुरे प्रमुख रिबेनट्रॉप यांच्यावरून बेतला आहे, असे म्हणतात. ज्याने एक गाव रानाला देऊन टाकले, तो रानाची नोंदवही ठेवणारा शिपाई झाला. टीकाकार या कथेला किपलिंग यांच्या साम्राज्यनिष्ठेचा पुरावा मानतात, आणि त्यात तथ्य आहे. 1878 च्या कायद्याने सरकारने राखीव केलेल्या जंगलातून ज्यांचे हक्क गेले, त्यांत असे शेकडो मोगली होते, आणि त्यांना कोणी नोकरी विचारली नाही.

2016 मध्ये अमेरिकेहून नवा 'जंगल बुक' आला. आपल्याकडे तो एक आठवडा आधीच लागला. हिंदी आवृत्तीत शेरखान पुन्हा नाना पाटेकरच झाले, आणि जुने गीतही नव्याने ध्वनिमुद्रित केले गेले. चित्रपटगृहात माझ्याच वयाची माणसे मुलांपेक्षा मोठ्याने गात होती. आवाजाला तेवीस वर्षे झाली होती. तो अधिक खोल झाला होता.

भनपुरीचे घर आता दुसऱ्याचे आहे. मागची वखार अजून आहे, पण आता तेथे बाहेरदेशीचे लाकूडही येते, असे ऐकले. कॉमिक मी बांधून घेतले, कारण त्याची पाने सुटू लागली होती. बांधणाराने वर कोरा पुठ्ठा लावला आणि नाव काय घालावयाचे म्हणून विचारले. काहीच नको, असे मी सांगितले. धाकट्या भाचीने ते एका बैठकीत वाचून संपविले आणि शेवटची पाने नाहीत म्हणून तक्रार केली. मग मी तिला मोगलीच्या नोकरीची गोष्ट सांगितली. तिने सारे नीट ऐकून घेतले, आणि विचारले, "मामा, त्याची बदली कुठे झाली?"